शेजारीण सरळ विचारत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. जुन्या अमेरिकी आणि ब्रिटिश सिटकॉममध्ये कुणीतरी दाराआडून अर्धवट ऐकतं, भलताच संशय घेतं आणि पुढचा अर्धा तास साप समजून भुई धोपटत बसतं. हे शेकडो वेळा करून झालं, तरी ते भाग आजही हसवतात. मग आपण तसाच प्रसंग लिहिला की प्रेक्षक 'अहो, एकदा विचारून टाका ना' म्हणत कंटाळतो, ते का? प्रश्नकर्तीने स्वतःच्या एकांकिकेतला प्रसंगही कळवलाय. जिन्यातून जाणाऱ्या शेजारणीच्या कानावर वरच्या जोडप्याचं बोलणं पडतं: 'थकलाय आता, रात्रभर कुरकुरतो. उद्या गाडी येईल न्यायला.' बोलणं चाललेलं असतं सोफ्याबद्दल. शेजारणीला वाटतं, म्हाताऱ्या सासऱ्यांना वृद्धाश्रमात धाडतायत.

प्रसंग वाईट नाही. त्यात एकच गोष्ट कमी आहे, आणि या सगळ्या प्रकाराचं मर्म माझ्या मते तिथेच आहे. शेजारणीला विचारता का येत नाही, याचं उत्तर तुमच्या प्रसंगात नाही. जिना सगळ्यांचा. जाता-येता कानावर पडलं तर त्यात लपवायचं काय? ती बेल वाजवून विचारू शकते, आणि ती विचारत नाही म्हणून प्रेक्षक तुमच्यावर चिडतो, तिच्यावर नाही.

जुन्या लेखकांनी भोचक शेजाऱ्याला इतकी वर्षं राबवलं, कारण त्याने माहिती मिळवलेली असते तीच मुळात चोरून. विचारायला गेला की उलटा प्रश्न येणार, 'तुम्हाला कसं कळलं?' संशय फेडायचा तर आधी स्वतःची चोरी कबूल करायची. म्हणून जो गुंता साध्या माणसाच्या एका वाक्याने सुटला असता, तो याच्यापुरता सुटत नाही. लेखकाला हे कुलूप आयतं मिळतं.

'आय लव्ह ल्युसी' घ्या. सीबीएसवर १९५१ ते १९५७ चाललेली ही मालिका पुढच्या बहुतेकांची आजी. न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीत ल्युसी आणि रिकी रिकार्डो राहतात, आणि घरमालक फ्रेड व एथेल मर्ट्झ त्याच इमारतीत. ल्युसी आणि एथेल दोघी जातिवंत भोचक. ३ मार्च १९५२ ला दाखवलेल्या भागात इमारतीत नवं जोडपं राहायला येतं. या दोघींना त्यांचं सामान बघायचंय. ल्युसीचा नवरा रिकी बजावतो, तिकडे फिरकायचं नाही. ल्युसी अर्थातच जाते, जोडपं परत येतं, आणि ती कपाटात अडकते. आतून तिला ऐकू येतात ते परक्या देशाच्या हेरांचे घातपाताचे बेत. जोडपं नट-नटीचं आहे आणि ते त्यांच्या भूमिकांची तालीम करतायत.

आता हिशेब बघा. ल्युसीला विचारायचं तर तीन कबुल्या द्याव्या लागतील: मी तुमच्या घरात शिरले होते, कपाटात लपले होते, आणि नवऱ्याला दिलेला शब्द मोडला होता. यातली एकही ती देणार नाही. मग उरतं काय? स्वतःच बंदोबस्त करणं. तिथून पुढचं सगळं आपोआप लिहून होतं.

या भागाची एक बाजू आज सहज लक्षात येत नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत 'शेजारी हेर असेल तर?' हा प्रश्न लोक खरोखर स्वतःला विचारत होते. रोझेनबर्ग दांपत्याला अणुहेरगिरीच्या खटल्यात १९५१ मध्येच देहदंड सुनावला गेला होता. तेव्हा ल्युसीचा संशय मूर्खपणाचा असला तरी हवेतून आलेला नव्हता. प्रेक्षकाच्या मनात तीच पाल चुकचुकत होती. आणि पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५३ मध्ये, खुद्द ल्युसिल बॉलला अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे उभं राहावं लागलं. १९३६ मध्ये तिने मतदार नोंदणी करताना कम्युनिस्ट पक्षाचं नाव दिलं होतं. आजोबांना बरं वाटावं म्हणून दिलं, असं तिचं म्हणणं. बातमी फुटल्यावर डेझी आर्नाझने, म्हणजे तिच्या खऱ्या आणि पडद्यावरच्या नवऱ्याने, चित्रीकरणाला जमलेल्या प्रेक्षकांना सांगितलं की हिचे फक्त केस लाल आहेत, आणि तेही खरे नाहीत. आधी पडद्यावर तिने शेजाऱ्यांवर जो संशय घेतला, तोच दीड वर्षाने देशाने तिच्यावर घेतला.

याच मालिकेचा सगळ्यात आधी चित्रित झालेला भाग नोव्हेंबर १९५१ मध्ये दाखवला गेला. त्यात ल्युसीला वाटतं, नवरा आपल्याला मारणार. हा भाग मी लिहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला बघायला सांगतो, कारण संशय कसा पेरायचा ते त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं. सुरुवातीला ती खुनाची रहस्यकथा वाचताना दिसते, पुस्तकात पार बुडालेली. मग एथेल पत्ते मांडून भविष्य सांगते आणि त्यात मरण निघतं. एवढं झाल्यावर कुठे रिकीचा फोन येतो. तो एजंटशी बोलतोय, कार्यक्रमातल्या गायिकेला काढून टाकण्याबद्दल. पुढे तिच्या हाती बायकांच्या नावांची यादी लागते. ती नावं प्रत्यक्षात कसरती करणाऱ्या कुत्र्यांची आहेत. बायको अशी का वागतेय हे रिकीला कळत नाही, म्हणून तो तिला शांत करायला पेयात झोपेची पूड घालतो. आता ते तिला दिसल्यावर तिने काय समजावं?

इथे क्रम महत्त्वाचा आहे. फोन पहिला आला असता तर ल्युसी बावळट ठरली असती. पुस्तक आणि पत्ते आधी आल्यामुळे फोनवरचं वाक्य तयार जमिनीवर पडतं. नवशिके लेखक सगळी मेहनत त्या दुहेरी अर्थाच्या वाक्यावर घेतात. ते घोटून घोटून चमकदार करतात. वाक्य साधं असलं तरी चालतं. ऐकणारीच्या मनात आधीपासून काय आहे, ते प्रेक्षकाला ठाऊक हवं. आणि दुसरं, संशयामुळे ती जे वागते त्यातून समोरचा असं काही करतो की संशय पक्का होतो. झोपेची पूड हे त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण आहे की मला दुसरं शोधावंसं वाटत नाही.

तुमच्या शेजारणीकडे वळू. तिला जिन्यातून उचला. जोडप्याने तिच्याकडे झाडांना पाणी घालायला किल्ली ठेवली होती, ते परत आलेत, किल्ली मात्र तिने अजून दिलेली नाही. दुपारी कुणी नाहीसं बघून ती आत शिरते आणि नव्या स्वयंपाकघराचे कप्पे उघडून बघत असते. तेवढ्यात जोडपं येतं, ती पडद्यामागे. आता तिने ऐकलेलं वाक्य तिला कधीच कुणाला विचारता येणार नाही. हे झालं कुलूप. तिच्या मनातली जमीनही तयार करा: त्याच सकाळी तिच्या मुलाने फोनवर सहज म्हटलेलं असू दे, की एवढं मोठं घर तुला एकटीला झेपत नाही. मग वृद्धाश्रमाचा संशय तिचा स्वतःचा होतो. सासऱ्यांसाठी ती जी धडपड करेल त्यात थोडी ती स्वतःसाठीही लढत असेल, आणि तुम्हाला त्यावर एकही वाक्य खर्च करावं लागणार नाही.

एक बारीक खोच राहिली. तुमचं जोडपं 'थकलाय', 'कुरकुरतो' म्हणतं. सासऱ्यांबद्दल सून असं एकेरी बोलेल का? प्रेक्षक तिथेच अडखळेल. ही अडचण काढू नका, वापरा. शेजारणीलाही तो एकेरी उल्लेख खटकू दे. 'वृद्धाश्रमात तर धाडतेच आहे, वर म्हाताऱ्याला अरेतुरे!' तिचा राग दुप्पट होईल, आणि चुगली करायला तिला एक जास्तीचा मुद्दा मिळेल.

दुहेरी संवाद लिहिताना एक पथ्य पाळा. बोलणाऱ्याच्या बाजूने वाक्य पूर्ण खरं आणि सहज असलं पाहिजे. गैरसमज व्हावा म्हणून माणसं मुद्दाम मोघम बोलायला लागली की लेखकाचा हात दिसतो. 'फ्रेझर' या अमेरिकी मालिकेतला, लेखक जो कीनन यांचा, १९९४ चा एक भाग या बाबतीत नमुनेदार आहे. फ्रेझर आपल्या रेडिओ स्टेशनच्या नव्या मॅनेजरला घरी जेवायला बोलावतो. वडिलांची देखभाल करणाऱ्या डॅफ्नीशी त्याची ओळख व्हावी, हा हेतू. मॅनेजर समलिंगी आहे आणि त्याला वाटतं, आमंत्रण खुद्द फ्रेझरचं आपल्यासाठी आहे. दोघंही सभ्य, दोघंही खरं बोलतायत, कुणी शब्द चोरत नाही. तरी संध्याकाळ हळूहळू हाताबाहेर जाते.

आता ग्लॅडिस क्रॅविट्झ, कारण ती या सगळ्याला अपवाद आहे आणि तिचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. एबीसीवर १९६४ ते १९७२ चाललेल्या 'बीविच्ड'मध्ये समँथा ही चेटकीण एका जाहिरात कंपनीतल्या माणसाशी लग्न करून उपनगरात साधी गृहिणी म्हणून राहू बघते. समोरच्या घराच्या खिडकीत ग्लॅडिस. तिला दिसतं ते सगळं खरं असतं. वस्तू तरंगतात, माणसं गायब होतात. ती 'अ‍ॅब्नर!' म्हणून नवऱ्याला हाका मारते, तो वर्तमानपत्रातून डोकं वर काढून येईपर्यंत सगळं जागच्या जागी. ल्युसीचा संशय खोटा आणि तिला विचारता येत नाही. ग्लॅडिसचा संशय खरा आणि तिचं कुणी ऐकत नाही. अमेरिकेत आजही भोचक शेजाऱ्याला या नावाने ओळखतात. मला ते थोडं अन्यायाचं वाटतं. त्या गल्लीत डोळे उघडे असलेली ती एकटीच होती.

अ‍ॅलिस पिअर्सने ही भूमिका पहिले दोन सीझन केली. मार्च १९६६ मध्ये कर्करोगाने तिचं निधन झालं आणि त्याच वर्षी तिला मरणोत्तर एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. पुढे सँड्रा गूल्ड आली. मालिका तेव्हाच कृष्णधवलची रंगीत झाली. गूल्डची ग्लॅडिस जास्त कर्कश आहे, तिचा त्रास होतो. पिअर्सच्या चेहऱ्यावर दर वेळी क्षणभर स्वतःच्याच डोळ्यांवरचा अविश्वास यायचा, आणि हसू त्या क्षणाला यायचं. दोघींचे भाग पाठोपाठ बघा, एकाच पात्राचं काय काय होऊ शकतं ते कळेल.

लपण्याची जागा निवडताना तुम्ही कशासाठी लिहिताय हेही बघावं लागतं. ल्युसी कपाटात असते आणि ग्लॅडिस खिडकीत, हा योगायोग नाही. 'आय लव्ह ल्युसी' तीन कॅमेऱ्यांनी, फिल्मवर, सुमारे तीनशे प्रेक्षकांसमोर चित्रित व्हायची. कॅमेरामन कार्ल फ्रॉइंडने सेटवर सगळीकडे सारखा प्रकाश पसरवून तिन्ही कोनांतून एकाच वेळी चित्रीकरण करता येईल अशी सोय केली होती. म्हणजे मुळात ते नाटकच. समोर बसलेल्या माणसाला ऐकणारी आणि बोलणारा एकाच नजरेत दिसायला हवेत, म्हणून कपाट, दार, सोफ्याची पाठ. 'बीविच्ड' एका कॅमेऱ्यावर, प्रेक्षकांविना, नंतर ध्वनिमुद्रित हशा चिकटवून बनायची. तिथे दृश्य तोडता येतं: इकडे जादू, तिकडे खिडकीतला चेहरा. रस्त्यापलीकडची खिडकी रंगमंचावर आणायला गेलात तर जीव जाईल. तुमची एकांकिका आहे, तेव्हा पडदा किंवा कपाटच घ्या.

घरमालक हा शेजाऱ्याचा जास्त धोकादायक प्रकार. 'थ्रीज कंपनी' (१९७७ ते १९८४) ब्रिटिश 'मॅन अबाउट द हाउस'वरून घेतलेली. दोन मुली आणि जॅक नावाचा तरुण एकत्र राहतात. तो समलिंगी आहे अशी थाप मारल्यामुळेच मालक रोपर त्याला राहू देतो. इथे कुलूप उलट्या बाजूला आहे. ऐकणाऱ्याला विचारता येतं, पण भाडेकरूंना खरं सांगता येत नाही; सांगितलं की घर गेलं. श्रीमती रोपरला खरं काय ते माहीत असतं आणि ती नवऱ्याला ताकास तूर लागू देत नाही. ऑड्रा लिंडलीने ते मौन फार मजेत निभावलंय. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी कान लावून जेवढे गैरसमज या मालिकेत झाले तेवढे क्वचितच कुठे झाले असतील. यंत्र म्हणून ती निर्दोष आहे. पण रोपरचे शेरे, हातवारे आणि त्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसणं आज शिळं लागतं. विनोद समलिंगी असण्यालाच हसतो. तोच विषय 'फ्रेझर'च्या वर सांगितलेल्या भागात आहे, आणि तिथे हसं होतं फ्रेझरच्या अतिआत्मविश्वासाचं. घोळाची रचना उचलताना त्यातलं हसण्याचं लक्ष्यही सोबत येतं, ते तपासून घ्या.

ब्रिटिशांकडे डोकावण्याला एक वेगळी तऱ्हा आहे. 'कीपिंग अप अपिअरन्सेस'मध्ये शेजारी एलिझाबेथ आणि एमेट बाहेर बघतात ते चौकशीसाठी नाही, शेजारची मिरवणारी हायसिंथ, म्हणजे मालिकेची नायिका, गाठणार तर नाही ना या धास्तीने. हे एकदाच सांगून सोडतो, कारण तिथे संशय फारसा नसतो.

'फॉल्टी टॉवर्स' मात्र सोडवत नाही. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ यांनी फक्त १२ भाग लिहिले, ६ १९७५ मध्ये आणि ६ १९७९ मध्ये. हॉटेलमालक बेसिलला कळतं की गावात हॉटेलांचे निरीक्षक आलेत. मग कटकट्या हचिन्सन त्याला निरीक्षक वाटतो आणि बेसिल त्याच्यापुढे लोटांगण घालतो. हचिन्सन निघतो चमच्यांचा विक्रेता. मग दुसऱ्या एका पाहुण्यावर संशय, तोही विक्रेताच. एव्हाना लोटांगणाचं व्याज वसूल करायला बेसिल हचिन्सनचा यथेच्छ समाचार घेतो, आणि नेमके तेव्हा खरे निरीक्षक दारात उभे असतात. इथे विचारायला काय हरकत होती? विचारलं की आपण घाबरलोय हे उघड होणार, आणि बेसिलला ते मरणाहून वाईट. चोरीचं कुलूप नसेल तर गर्वाचं चालतं. निरीक्षक खरेच असतात, हेही बघा. संशय पूर्ण खोटा नाही, माणूस चुकला. सोफ्याच्या प्रसंगातही असं काही करता येईल. वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक खरंच कुणाच्या तरी घरात असू दे, फक्त ज्या घरावर संशय आहे त्या घरात नको.

शेवटाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बहुतेक प्रसंग तिथेच मार खातात. उलगडा म्हणजे खुलासा, असं समजून लेखक पात्रांना ओळीने उभं करतात आणि प्रत्येकजण काय झालं ते सांगतो. प्रेक्षकाला ते सगळं आधीच माहीत असतं. त्याला चेहरे बघायचे असतात.

'द डिक व्हॅन डाइक शो'चा २५ सप्टेंबर १९६३ चा भाग बघा. रॉब पेट्रीला वाटतं, इस्पितळात आपलं बाळ पीटर्स नावाच्या जोडप्याच्या बाळाशी बदललं गेलंय. आडनावं सारखी, तिथे वस्तूंची अदलाबदल झालेली, त्यात शेजारचा मित्र जेरी आगीत तेल ओततो. रॉब शेवटी पीटर्सना फोन करून आपली शंका सांगतो. म्हणजे तो विचारतो! सरळ विचारतो, आणि तरी प्रसंग संपत नाही, कारण पीटर्स फोनवर काही न सांगता 'येतो' म्हणतात. दार उघडतं, जोडपं कृष्णवर्णीय आहे. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या वॉशिंग्टनच्या मोर्चाला तेव्हा महिनाही झाला नव्हता, आणि हे दाखवावं की नाही यावरून पडद्यामागे बरीच घासाघीस झाली होती. स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा हशा इतका लांबला की प्रक्षेपणासाठी तो कापावा लागला. रॉब विचारतो, फोनवरच का नाही सांगितलंत? पीटर्स म्हणतात, मग तुमचा चेहरा बघायचा राहिला असता ना.

एकही खुलासा नाही. दार उघडलं तेव्हाच सगळं सांगून झालं होतं. तुमच्या शेवटी सोफा उचलून नेणारी माणसं जिन्यातून उतरत असतील आणि त्या सोफ्यावर सासरे आरामात बसून सूचना देत असतील, तर शेजारणीला तोंड उघडायची गरज नाही. खिशातली किल्ली तेवढी तिला परत करावी लागेल, आणि ती कशी करते ते लिहायला मात्र वेळ घ्या.